पॅनलवरचं प्रेशर गेज बदलायचंय, काटा २० बारवर अडकलाय. लाईन खरंच रिकामी आहे हे ओळखायचं कसं?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी, देवबागहून लिहितोय. इथल्या एका स्कूबा सेंटरची सामानाची बाजू मी बघतो, म्हणजे कंप्रेसर, टाक्या, रेग्युलेटर, बोटीचं इंजिन, सगळंच. पाऊस लागलाय, पाण्यातलं काम बंद, आता ऑगस्ट संपेपर्यंत जी काय देखभाल दुरुस्ती ती उरकून घ्यायची. तर प्रश्न असा आहे. आमच्याकडे तीन मोठे सिलिंडर एकत्र जोडलेली बँक आहे, कंप्रेसर आधी बँक भरतो आणि मग पॅनलवरून डायव्हिंगच्या टाक्या भरायच्या. पॅनलच्या मेन लाईनवर जे गेज आहे त्याचा काटा, बँकेचे तिन्ही व्हॉल्व्ह बंद करून हवा सोडल्यावरसुद्धा २० बारवर थांबतो. टिचकी मारली तरी हलत नाही. काचेला आतून धुकं धरलंय, मागे पितळेवर चांगला जाडसर कळंक चढलाय. खारं वारं चोवीस तास अंगावर घेतंय ते, होणारच.

मालक म्हणतात नवीन आण नि लाव, तासाभराचं काम आहे. लावता येईल हो, पण २०० बारच्या लाईनीवर पाना घालायच्या आधी जाणकारांशी बोलून घ्यावं म्हटलं. गेज किती बारचं घेऊ? ग्लिसरीनवालं की कोरडं? दुकानदार विचारतो आटे बीएसपी मापाचे की एनपीटी, ते कसं ओळखायचं? आणि मुख्य म्हणजे तो २० चा आकडा खरा की खोटा?

सड्यावरचा
२० बार म्हणजे २०० च्या मानाने काहीच नाही, गेज हळूहळू सैल करा, आट्यांतून फुस्स करून हवा निघून जाईल मग पूर्ण सोडवा. ट्रॅक्टरच्या टायरवर, शेतातल्या स्प्रे पंपावर आम्ही असंच करतो, कधी काही झालं नाही.

मीटरवाला
सड्यावरचा भाऊ, राग मानू नका पण हे इथे चालणार नाही, आणि कोणी वाचून करू नये म्हणून लगेच लिहितोय. मी लोट्याच्या एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटचं काम करतो, दिवसभर हातात गेजंच असतात. पाव इंची आट्याच्या भोकाचं क्षेत्रफळ साधारण एक चौरस सेंटिमीटर धरा. २० बारला त्याच्यावर वीस किलोचा रेटा येतो. २०० बारला दोनशे किलोचा. म्हणजे काटा चुकीचा असेल आणि आत खरे २०० असतील तर शेवटचे दोन आटे राहिल्यावर ते गेज हातात राहणार नाही, ते कुणाच्या तरी छातीत नाहीतर कपाळात जाणार. स्प्रे पंपात पाणी असतं, प्रेशर दोन-चार बार, आणि पाणी दाबलं जात नाही म्हणून थोडं सांडलं की प्रेशर संपतं. हवेचं तसं नाही, ती दाबून बसलेली असते, बाहेर यायला लागली की येतच राहते. ११ लिटरच्या एका डायव्हिंग टाकीत २०० बारला बावीसशे लिटर हवा असते आणि बँकेचे सिलिंडर तर त्याहून मोठे.

खाडीकाठ, तुमच्या २० च्या आकड्याला चार कारणं असू शकतात. पहिलं, आत खरंच २० बार आहे, म्हणजे कुठेतरी हवा अडकलीय. दुसरं, आतली नळी कधीतरी जास्त प्रेशरने ताणली गेली आणि परत मूळ जागी येत नाही. तिसरं, आतले दाते गंजून अडकलेत. चौथं, गेजच्या तोंडाचं बारीक भोक बुजलंय आणि हवा गेजच्या आतच कोंडलीय. बाहेरून बघून यातलं कुठलं ते सांगता येत नाही. म्हणून पहिलं कारण खरं आहे असं धरून चालायचं, आणि ते खोटं आहे हे सिद्ध होईपर्यंत पान्याला हात लावायचा नाही.

वाळूतलो_खेकडो
खाडीकाठा, मीटरवालो सांगता तां शंभर टक्के खरा. मी मालवणात डायव्हिंग करतंय, बगलंय मी पोरांका, काटो शून्यावर इलो म्हणान लगेच पानो घेवन बसतत. अरे बाबानू, काटो खराब आसा म्हणानच गेज बदलतास ना? मगे त्याच खराब काट्याचा ऐकान लाईन रिकामी म्हणतास? ब्लीड, म्हणजे हवा सोडूचो बारको व्हॉल्व्ह, उघडो ठेवा, आणि नवीन गेज बसान पुरा घट्ट होयसर तो बंद करू नकात. माका येवढाच सांगूचा होता.

मीटरवाला
खेकडोबा, लाख बोललात. कामाचं सगळं सार त्यातच आलं. काटा २० वर अडकला तर निदान शंका तरी येते, माणूस थांबून विचारतो. खरा धोका उलट बाजूचा आहे. धक्का बसून काटा शून्यावर अडकलेला असतो आणि लाईनमध्ये दीडशे बार, तेव्हा कोणालाच शंका येत नाही. बदलायच्या गेजची साक्ष काढायचीच नाही, ते गेज आहे हे विसरून जायचं.

खाडीकाठ, मला एक सांगा, तुम्ही हवा सोडली ती नेमकी कुठून? कंप्रेसरच्या फिल्टरखालच्या ड्रेनमधून की भरायच्या होजच्या टोकाच्या ब्लीडमधून? कारण कंप्रेसर आणि मेन लाईनच्या मध्ये नॉन रिटर्न व्हॉल्व्ह असतो. कंप्रेसरच्या बाजूचा ड्रेन कितीही वेळ उघडा ठेवा, त्या व्हॉल्व्हच्या पलीकडची हवा परत येणारच नाही, तो त्याचसाठी बसवलेला आहे.

इंजिनरूम
मध्ये बोलतो. मी जहाजावर इंजिन साईडला आहे, सध्या सुट्टीवर घरी रत्नागिरीला. वरच्या मुद्द्याला जोडून एक गोष्ट, ती लोक हमखास विसरतात. ब्रीदिंग एअरच्या, म्हणजे श्वासाच्या हवेच्या, कंप्रेसरला फिल्टर टॉवरनंतर प्रेशर मेंटेनिंग व्हॉल्व्ह असतो. फिल्टरमध्ये प्रेशर टिकलं तर पाणी नीट वेगळं होतं म्हणून तो ठरावीक प्रेशरच्या खाली उघडतच नाही. मतलब असा की मेन लाईन पूर्ण रिकामी केलीत तरी टॉवरमध्ये शंभरच्या वर बार बसलेले असू शकतात. मेन लाईनचं गेज बदलताना त्याचा त्रास नाही, पण कोणी उत्साहाने लगे हात फिल्टर पण खोलून बघू म्हटलं तर वाट लागेल. दोन बाजू, दोन ड्रेन, दोन्ही उघडायचे.

आमच्याकडे जहाजावर इंजिन स्टार्ट करायच्या हवेच्या मोठ्या बाटल्या असतात, ३० बारच्या. तिथे प्रत्येक गेजखाली एक कॉक असतो, बंद केला की गेजचा बाटलीशी संबंध तुटतो आणि गेजमधली हवा बाजूच्या भोकातून बाहेर जाते. गेज बदलायला बाटली रिकामी करावी लागत नाही. खाडीकाठ, तुम्ही सगळं खोलताच आहात तर गेजखाली असा एक व्हॉल्व्ह या वेळीच बसवून घ्या, मात्र ४०० बारच्या रेटिंगचा आणि ब्लीडवाला. बाजारात साधा पाण्याचा नीडल व्हॉल्व्ह दिसायला अगदी तसाच मिळतो, तो घेऊ नका.

खाडीकाठ
सगळ्यांचे आभार. मीटरवाला, हवा होजच्या टोकाच्या ब्लीडमधूनच सोडली, भरायचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून. फिल्टरचा ड्रेन वेगळा उघडला होता. इंजिनरूम काका, प्रेशर मेंटेनिंगचं माहीत होतं पण आमच्या नव्या पोरांना नव्हतं, आज त्यांना उभं करून दाखवलं.

आता लाईन रिकामी आहे याची खात्री कशी करू? हवेचा आवाज तर थांबलाय, पण बाहेर पाऊस एवढा कोसळतोय पत्र्यावर की बारीक फुसफुस ऐकूच येणार नाही.

मीटरवाला
दोन मार्ग आहेत, दोन्ही करा. ब्लीडच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवायचा. फुगा आला तर अजून हवा येतेय, मग बँकेचा एखादा व्हॉल्व्ह बंद असूनही हवा सोडतोय का बघा. हे बाजूला उभं राहून, सगळा आवाज संपल्यावरच. जोरात हवा येत असताना ब्लीडसमोर बोट धरून बघायची काहींना सवय असते, तसं अजिबात करू नका. हाय प्रेशरची हवा कातडी फोडून आत शिरू शकते.

दुसरं, होजच्या टोकाला लावायचं चेकिंग गेज तुमच्याकडे असेलच, टाकी किती भरलीय ते बघायचं. ते आधी एखाद्या भरलेल्या टाकीवर लावून नीट चालतंय याची खात्री करा, मग होजला लावून ब्लीड बंद करा आणि चहा पिऊन या. वीस-पंचवीस मिनिटांत काटा जरासुद्धा उचलला तर बँकेचा व्हॉल्व्ह गळतोय, आधी त्याचं बघा. नाही उचलला तर ब्लीड परत उघडा आणि उघडाच राहू द्या.

आता तुमच्या बाकीच्या प्रश्नांचं. रेंज: तुम्ही २०० ते २३२ बारपर्यंत भरत असाल असं धरतो. गेजचा नियम असा की स्थिर प्रेशर असेल तर पूर्ण स्केलच्या पाऊण भागाच्या वर रोज काम करायचं नाही, आणि प्रेशर सारखं वरखाली होत असेल, जसं कंप्रेसरजवळ होतं, तर ६५ टक्क्यांच्या वर नाही. २५० बारच्या गेजवर पाऊण म्हणजे १८७. म्हणजे ते तुम्हाला नकोच, दुकानदार २०० साठी २५० पुरे म्हणेल, ऐकू नका. ४०० बारचं घ्या, ६५ टक्के म्हणजे २६०, बरोबर बसतं. ज्यांच्या टाक्या ३०० बारच्या आहेत त्यांनी ६०० बारचं घ्यावं.

सड्यावरचा
मीटरवाला दादा, पटलं. मला वाटलं होतं गेज म्हणजे नुसता काटा दाखवणारं घड्याळ. पण जास्त रेंजचं घेतलं तर बारीक आकडे कसे वाचायचे? आणि त्या गेजच्या आत नक्की काय असतं की ते फुटतं बिटतं?

मीटरवाला
चांगला प्रश्न. आत एक चपटी केलेली धातूची नळी असते, सी सारखी वाकवलेली, जास्त प्रेशरच्या गेजमध्ये तिचे वेढे असतात. एक टोक उघडं, तिकडून हवा शिरते, दुसरं टोक बंद. जत्रेत मुलं फुंकतात ती गुंडाळलेली कागदी पिपाणी फुंकल्यावर कशी उलगडते, तशी ही नळी प्रेशरने किंचित सरळ व्हायला बघते, आणि तिच्या बंद टोकाची ती एवढीशी हालचाल दात्यांनी वाढवून काटा फिरतो. बूर्दाँ नावाच्या फ्रेंच माणसाने १८४९ मध्ये याचं पेटंट घेतलं, आजही जगभर तेच तंत्र चालतंय. म्हणजे गेजच्या आत पूर्ण २०० बार त्या पातळ नळीच्या भिंतीवर उभे असतात. नळीला तडा गेला की डबीत हवा भरते, आणि डबी तर दोन-चार बार पण सोसणारी नसते.

म्हणूनच चांगल्या गेजच्या पाठीला रबरी बूच किंवा उडणारी पाठ असते, नळी फुटली तर हवा मागून जावी, काच समोरच्या माणसाच्या डोळ्यात जाऊ नये. पॅनलसाठी घ्याल तर सेफ्टी पॅटर्नचं घ्या. त्यात तबकडी आणि नळीच्या मध्ये आख्खी धातूची भिंत असते आणि पाठ पूर्ण उडते. तबकडीवर एस३ असा शिक्का असतो. थोडे पैसे जास्त जातात, जाऊ द्या. आणि असं गेज भिंतीला किंवा पॅनलच्या पत्र्याला पाठ चिकटवून बसवायचं नाही, पाठीमागे उडायला जागा लागते. काही ठिकाणी त्या बुचातून पाणी जातं म्हणून वरून एमसील फासलेलं बघितलंय. बूच बंद केलं की गेजचा बचाव गेला, दिसलं की काढून टाका.

बारीक आकड्यांचं म्हणाल तर मोठ्या तबकडीचं घ्यायचं, १०० मिमीचं. अचूकतेचा क्लास तबकडीवर छापलेला असतो. १.६ क्लासचं ४०० बारचं गेज म्हणजे कुठेही ६.४ बार इकडे तिकडे. २.५ क्लासचं म्हणजे १० बार. भरताना १० बारने फार बिघडत नाही, पण डायव्हरच्या हातातल्या गेजवर ५० बार उरलेत म्हणून तो वर यायला निघतो, तिथे १० बार म्हणजे पुष्कळ होतात.

इंजिनरूम
युनिटचं पण बघून घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच गेजवर किलो पर चौरस सेंटिमीटर असतं, २०० बार म्हणजे तिथे २०४. फार फरक नाही. पण पीएसआयवालं आलं तर २०० बार म्हणजे २९०० होतात, मग पोरांचा गोंधळ होतो. पॅनलवर सगळी गेजं एकाच युनिटची ठेवा.

ग्लिसरीनचं: कंप्रेसर थरथरतो तिथे ग्लिसरीन भरलेलं घ्या, काटा नाचत नाही, दाते झिजत नाहीत आणि आपल्या किनाऱ्यावर आणखी एक फायदा, आत खारी दमट हवा शिरायला जागा उरत नाही, तुमच्यासारखं धुकं धरणार नाही. मात्र कोणी नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजन मिसळलेली हवा, करत असेल, शुद्ध ऑक्सिजनची लाईन असेल, तर तिथे ग्लिसरीनवालं बिलकूल नको. ऑक्सिजनमध्ये ते पेट घेऊ शकतं. तिथे ऑक्सिजनसाठी साफ केलेलं कोरडं गेजच लागतं, तबकडीवर तेल वापरू नका अशी खूण असते. हवेच्या लाईनीवरसुद्धा आट्यांना इंजिन ऑईल, ग्रीस काही लावू नका. व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की पुढची हवा एकदम दाबली जाऊन तापते, तेल तिथे असेल तर डिझेल इंजिनात होतं तेच तिथे होतं. शिवाय ती हवा कोणाच्या तरी फुप्फुसात जाणार आहे.

मीटरवाला
आट्यांचं राहिलं. पाव इंची बीएसपी आणि पाव इंची एनपीटी दिसायला सख्खे भाऊ, पण बीएसपीला इंचात १९ आटे आणि एनपीटीला १८. एकमेकांत दोन-तीन आटे छान जातात आणि मग जाम होतात, माणसाला वाटतं बसलं घट्ट. २०० बारला तेच दोन-तीन आटे सगळा भार घेतात. जुनं गेज बाहेर काढल्यावर त्याच्याशी पिच गेज (आटे मोजायची दातेरी पट्टी) लावून बघा, नसेल तर जुनं गेजच दुकानात घेऊन जा. फोनवर सांगून मागवू नका.

सरळ आट्याला, म्हणजे बीएसपी पॅरललला, टेप लागत नाही. तिथे खाली वायसर असतो, तांब्याचा किंवा रबर चिकटवलेला डाउटी वायसर, हवा तोच अडवतो. वायसर दर वेळी नवा. निमुळत्या एनपीटीला टेफ्लॉन टेप लागते, ती टोकाकडचा पहिला आटा मोकळा सोडून गुंडाळायची, नाहीतर टेपचा तुकडा तुटून आत जातो आणि गेजच्या भोकात किंवा रेग्युलेटरच्या सीटवर जाऊन बसतो.

आणि घट्ट करताना पाना गेजच्या मानेवरच्या चौकोनावर. डबी हातात धरून पिळायची नाही, आतली नळी तिथेच पिळवटते आणि नवं कोरं गेज चुकीचं दाखवायला लागतं. दुसऱ्या पान्याने खालचा फिटिंग धरून ठेवायचा.

खाडीकाठ
झालं काम, जसं झालं तसं लिहितो.

चेकिंग गेज आधी भरलेल्या टाकीवर लावून बघितलं, मग होजला लावून ब्लीड बंद करून ठेवलं, काटा शून्यावरून हलला नाही. पॅनलवरचं जुनं मात्र २० वरच. मग ब्लीड उघडा ठेवला, चष्मा लावला, पोरांना शेडबाहेर काढलं आणि गेजच्या तोंडासमोर किंवा पाठीमागे न उभं राहता बाजूने पाना लावला. आट्यांतून काहीच आलं नाही. गेज पूर्ण सुटून हातात आलं आणि काटा अजूनही २० वर! मीटरवाल्यांचं चौथं कारण. तोंडाचं भोक बघितलं तर पांढरट हिरव्या चिकट लगद्याने गच्च बुजलेलं. सुईने टोकरायचा मोह एका पोराला झाला, त्याला थांबवलं. फडक्यात गुंडाळून तोंड खाली करून बादलीत ठेवलं. सकाळी बघितलं तर फडक्यावर हिरवा डाग आणि काटा ३ वर आलेला.

नवीन ४०० बारचं, ग्लिसरीनवालं, उडत्या पाठीचं. आटे बीएसपी निघाले, डाउटी वायसर घातला. बँकेचा एकच व्हॉल्व्ह अगदी हळू उघडला, ५० ला थांबून साबणाचं पाणी, मग १०० ला, मग २०० ला. १०० ला एक बारीक फुगा आला वायसरपाशी. तिथे कोणीतरी म्हणालं अजून पाव फेरा द्या. नाही दिला, परत सगळी हवा सोडली, मग पाव फेरा, मग परत भरली. आता कोरडं ठणठणीत आहे. इंजिनरूम काका, खालचा व्हॉल्व्ह मागवलाय, आला की बसवतो.

आता एकच विचारतो, हा लगदा आला कुठून?

मीटरवाला
उत्तम केलंत, आणि तो पाव फेरा न दिल्याबद्दल विशेष शाबासकी. प्रेशर असताना सांधा आवळायचा नाही, हे लिहिलेलं सगळ्यांना माहीत असतं, पाळणारे कमी. साबणाचं पाणी गोड्या पाण्याने पुसून काढा आणि अमोनिया असलेला क्लीनर पितळेच्या आसपास वापरू नका, अमोनियाने पितळेला चिरा जातात.

इंजिनरूम
लगदा पाण्यामुळे. आपल्याकडची हवा बघा, तीस डिग्रीला आणि पावसाळी दमटपणाला एक घनमीटर हवेत पंचवीस ग्रॅमच्या वर पाणी असतं. एक टाकी भरायला दोन-सव्वादोन घनमीटर हवा आत ओढावी लागते, म्हणजे टाकीमागे पन्नास-साठ ग्रॅम पाणी कंप्रेसर गिळतो. ते सगळं ड्रेनमधून बाहेर गेलं पाहिजे. ड्रेन वेळेवर सोडला नाही, फिल्टर थकला, की ते कंप्रेसरच्या तेलाचा अंश घेऊन पुढे लाईनीत येतं, गेजची नळी म्हणजे आंधळी गल्ली, तिथे साचतं, पितळ खातं आणि लगदा होतो. तुमचं गेज बदललं हे बरं झालं पण मूळ दुखणं तिकडे आहे. कंप्रेसर चालू असताना दर दहा-पंधरा मिनिटांनी कंडेन्सेट, म्हणजे साचलेलं पाणी, सोडायचं आणि फिल्टरच्या तासांची वही ठेवायची. जिथे गेजमध्ये लगदा आला तिथे टाक्यांच्या आत पण बघायला हवं. गॅस सिलिंडर नियम २०१६ प्रमाणे वेळोवेळी टेस्टिंग सक्तीचं आहेच, पण हायड्रोची (पाण्याच्या प्रेशरने होणाऱ्या टेस्टची) तारीख यायची वाट न बघता या पावसाळ्यात व्हॉल्व्ह काढून आत दिवा टाकून बघून घ्या. अर्थात तेही रिकामी करूनच, आणि ज्याला ते काम येतं त्याच्याकडून.

खाडीकाठ
तासांची वही आहे, फिल्टर बदलायला अजून अवधी आहे असं वही म्हणते. पण आपल्या दमट हवेत ते तास कमी धरायला हवेत बहुतेक?

इंजिनरूम
हो, कंपनीचे तास थंड हवेसाठी असतात, तापमान वाढलं की कमी करायचं कोष्टक मॅन्युअलमध्येच असतं. ते बघून वहीत खोडून नवा आकडा लिहा.

अबोली
खूप दिवसांनी इतका कामाचा धागा वाचला. मी तारकर्लीला इन्स्ट्रक्टर आहे. पॅनलचं झालं, आता जरा आमच्या हातातल्या गेजचं विचारू का? माझ्या एसपीजीच्या, म्हणजे टाकीत किती हवा उरलीय ते दाखवणाऱ्या गेजच्या, मानेतून, होज आणि गेज जिथे जोडलंय तिथून, पाण्यात बारीक बुडबुड्यांची माळ येते. वर आल्यावर कानाला लावलं तर काही ऐकू येत नाही. एक सहकारी म्हणतो हाय प्रेशर होज आहे, फुटली तर दोन मिनिटांत टाकी रिकामी, डायव्हिंग बंद कर. दुसरा म्हणतो असे बुडबुडे सगळ्यांचेच येतात. कोणाचं ऐकू?

वाळूतलो_खेकडो
अबोली ताई, दोघांचाय अर्धा अर्धा ऐक. फर्स्ट स्टेजच्या (रेग्युलेटराचो टाकीर बसता तो भाग) हाय प्रेशर पोर्टाक आत बारीक भोक आसता, सुईच्या टोकायेवढा. तेच्यामुळे ही होज फुटली तरी हवा बेताचीच जाता, लो प्रेशरची होज फुटली तर हेच्यापेक्षा बेगीन टाकी रिकामी जाता. म्हणान पाण्यात घाबरान धावत वर येव नको, शांतपणी डाइव्ह संपव. पण सगळ्यांचेच येतत म्हणान तसाच वापरूचा न्हय. गिऱ्हाईक तुझ्या भरवशार पाण्यात उतारता.

मीटरवाला
ताई, ते बहुधा मानेतल्या छोट्या स्पूलचं आहे. होज आणि गेजच्या मध्ये एक पोकळ पिन असते, तिच्या दोन्ही टोकांना एकेक इवलीशी ओ-रिंग (रबरी कडी), त्यामुळेच गेज फिरतं. गेज फिरून फिरून त्या झिजतात, आणि मीठ आत गेलं की लवकर झिजतात. साईज ००३. टाकीचा व्हॉल्व्ह बंद, सेकंड स्टेजचं (तोंडात धरायच्या भागाचं) बटण दाबून हवा संपेपर्यंत सोडायची, रेग्युलेटर टाकीवरून उतरवायचा, मगच मान खोलायची. इथेही तेच, एसपीजीचा काटा शून्यावर आला एवढ्यावर जाऊ नका, बटण दाबल्यावर हवा यायची थांबली आणि रेग्युलेटर टाकीवरून सुटला म्हणजे रिकामं. पिन हाताने ओढून काढा, पिनेला हिरवट खड्डे पडलेले असतील तर नुसत्या ओ-रिंगने भागणार नाही, पिनच नवी घाला. जुन्या रिंगा प्लॅस्टिकच्या किंवा पितळेच्या टोकदार काडीने काढा, स्टीलच्या सुईने ओरखडा पडतो आणि तिथूनच परत गळतं. सिलिकॉन ग्रीसचा अगदी पुसट हात, नायट्रॉक्स वापरत असाल तर ऑक्सिजनला चालणारं ग्रीस. मग परत जोडून व्हॉल्व्ह हळू उघडा, गेजचा चेहरा स्वतःपासून आणि बाकीच्यांपासून वळवून, आणि बादलीत बुडवून बघा.

अबोली
धन्यवाद दादा, खेकडोबा तुमचे पण. गेज वळवून धरायचं शिकवतो आम्ही, पण उडणाऱ्या बुचाचं कारण सांगितलं की शिकणारे नीट पाळतात, पुढच्या बॅचला हेच सांगणार. अजून एक, आम्ही रोज गोड्या पाण्यात धुतो तरी मानेशी मीठ साचतंच.

खाडीकाठ
अबोली ताई, होजच्या टोकाला रबरी मोजा असतो ना, तो मागे सरकवून धुवा. मीठ त्याच्याखाली बसतं, वरून कितीही पाणी ओता तिथे पोचत नाही. आम्ही आठवड्याला सरकवतो, सीझन जोरात असेल तर रोज. फर्स्ट स्टेजच्या तोंडाची डस्ट कॅप घट्ट लावूनच बुडवा आणि भिजत असताना सेकंड स्टेजचं बटण दाबू नका, पाणी आत जातं.

आणि आमची चार-पाच गेजं तपासायला कोल्हापूरला पाठवतोय, एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबमध्ये. मालवण, तारकर्ली, देवबाग, निवतीकडच्या कोणाला द्यायची असतील तर गौरीगणपतीच्या आधी पोचवा, एकाच खेपेत जातील. टाकी गरम असताना घेतलेले आकडे कोणी सोबत लिहून पाठवू नका, भरल्या भरल्या ५० डिग्रीला २०० दिसतात ते थंड झाल्यावर १८५ च्या आसपास येतात, मग गेजला उगाच नावं ठेवली जातात.

सड्यावरचा
माझ्या भावाच्या गॅरेजमधल्या हवेच्या टाकीचं गेज पण कायम ४ वर असतं, टाकी रिकामी असली तरी. आधी मी त्यालाही हेच सांगितलं होतं, असू दे म्हणून. ते १२ बारचं आहे, पाठवलं तर चालेल?

मीटरवाला
तपासायला पाठवू नका, सरळ नवीन घ्या, १२ बारचं गेज तपासणीच्या खर्चापेक्षा स्वस्त येतं. पण बदलायच्या आधी टाकीच्या बुडाचा ड्रेन कॉक उघडून ठेवायला सांगा भावाला, आणि त्यातून गंजाचं लाल पाणी किती येतं तेवढं इथे लिहा.